पहिलं बाळंतपण माहेरी

नलूआत्या गेल्याचा फोन आला तेव्हा मी दुकानात सेठची नक्कल करत होतो. सुरतेच्या रिंग रोडवरच्या साडी मार्केटात आमचं दुकान, म्हणजे सेठचं; मी गादीवर बसून साड्या उलगडणारा. वलसाडकडच्या चार बायका समोर बसल्या होत्या, आणि सेठ भाव सांगताना डोळे मिटून कसा कपाळावर हात मारून घेतो ते मी त्यांना दाखवत होतो. बायका हसायच्या एकदम थांबल्या. मागे बघतो तर सेठ. एरवी त्याने मला शिव्या दिल्या असत्या. तो हळू म्हणाला, ‘‘सुनील, घेर जा. तारी फोई गई.’’ सेठ शिव्या देत नाही म्हटल्यावर मला कळलं की खरंच काहीतरी झालंय...

नलूआत्या म्हणजे माझ्या वडिलांची, अप्पांची, मोठी बहीण. गोडादऱ्यात आमच्याच गल्लीत एका खोलीत एकटी राहायची. जन्म-मृत्यूच्या नोंदी होतात त्या खात्यात तिने सगळी नोकरी काढली. दहा दिवस लोक येत होते आणि एकच वाक्य बोलत होते, की बाई फार शांत होत्या हो, फार गोड होत्या. मी ऐकून घेतलं, कारण सुतकात नक्कल करू नये असं आईने बजावलं होतं. आता सुतक संपलंय, म्हणून लिहितो. आत्या शांत नव्हती. गोडही नव्हती, मधुमेह होता, तेवढाच काय तो गोडवा. गल्लीत रात्रंदिवस यंत्रमाग खडखडवणाऱ्या लूमवाल्याला तिने ‘तुझं यंत्र मेलेल्यालाही उठवेल, तेवढी सोय झाली, माझ्या खात्यातलं काम कमी झालं’ असं तोंडावर ऐकवलं होतं. प्लेगच्या साली निम्मं सुरत गाड्या भरभरून पळालं, आम्हीही खानदेशात गावी निघालो, तेव्हा ती उंबऱ्यात उभी राहून म्हणाली, ‘‘तुम्ही जा. मी आठे मेली तर नोंद तरी नीट होईल.’’ आठे म्हणजे इथे, रागात ती अहिराणीवर यायची. आणि राहिली. आम्ही महिन्याने परत आलो तर हिने गल्लीतल्या सगळ्यांच्या तुळशी जगवून ठेवलेल्या, आणि प्रत्येकाला त्याबद्दल टोमणा तयार.

सतराव्या वर्षी तिचं लग्न झालं होतं. आठ महिन्यांनी ती ट्रंक घेऊन परत आली. का आली ते तिने कोणाला सांगितलं नाही. घरातल्यांनी तिला परत पाठवायचा घाट घातला, तर ही ट्रंकेवर बसून राहिली म्हणे, दोन दिवस. मग मॅट्रिक, मग सुरत, मग नोकरी. तिच्या टेबलावर एक लाकडी पट्टी असायची, बारा इंची, एका कडेला पितळेची धार, एक टोक शाईने काळं झालेलं. जुन्या रजिस्टरच्या कागदाला ती बोट लावू द्यायची नाही. पट्टी ओळीखाली ठेवायची, ओळ संपली की खाली सरकवायची. एकही ओळ सोडायची नाही. ‘‘मधली ओळ सोडली की माणूस मेला,’’ असं म्हणायची. मेलेल्यांच्याच नोंदी असल्या तरी.

दर जूनमध्ये शाळाप्रवेशाच्या दिवसांत तिच्या खिडकीवर खानदेशी बायकांची रांग लागायची. पोराच्या जन्माचा दाखला पाहिजे आणि नोंद काही सापडत नाही. दुसरे कारकून ‘नथी’ म्हणून मोकळे व्हायचे. आत्या एकच प्रश्न विचारायची : ‘‘पहिलं का दुसरं?’’ बाई म्हणायची, पहिलं. मग आत्या वही मिटावी तशी पट्टी बाजूला ठेवायची. ‘‘आठे काय सापडेल माय? पहिलं बाळंतपण माहेरी. तुझ्या माहेरच्या गावात जा, तिथल्या दप्तरात पोरगं तुझी वाट बघत बसलंय.’’ बायका जायच्या आणि दाखला घेऊन यायच्या, येताना हिला माहेरची मेथी आणायच्या. आमच्याकडे हे सगळ्यांना माहीत असतं, पण ते दप्तराला लावून बघायचं डोकं एकट्या आत्याचं.

हे डोकं एका इंग्रजाच्या कामाला येईल असं मात्र कोणाला वाटलं नव्हतं. प्लेग होऊन गेल्यानंतरच्या थंडीतली गोष्ट. तेव्हा सुरतेत पाहुणासुद्धा यायला तयार नव्हता, मुलीवाले स्थळ बघायलाही सुरतेबाहेर बोलवायचे, आणि अशात हा सत्तरीचा म्हातारा खांद्याला कापडी पिशवी लावून आला. विल्कॉट नाव. त्याचा खापरपणजोबा कंपनी सरकारच्या पलटणीत कॅप्टन होता, सुरतेला होता. चर्चमधल्या जुन्या वह्यांत त्या कॅप्टनच्या लग्नाची नोंद सापडली, दोन मुलांच्या बाप्तिस्म्याची सापडली, पण सगळ्यात थोरला जेम्स, जो या साहेबाचा सख्खा पणजोबा, त्याचा पत्ता नाही. साहेबाने आयुष्यातली कितीतरी वर्षं इंग्लंडातली दप्तरं चाळली होती. चर्चची देखभाल करणाऱ्या सायमनभाईला त्याची दया आली आणि तो त्याला घेऊन आत्याच्या खोलीवर आला. ती तेव्हा नुकतीच रिटायर झाली होती आणि गल्लीतल्या पोरांचे जन्मदाखले दुरुस्त करून देत होती.

मला बोलावलं दुभाष्या म्हणून. आता माझं इंग्रजी सांगतो. बारावीला छत्तीस मार्क. पण मी शिकायला अमळनेरला होतो, तिथले आमचे इंग्रजीचे सर नाकातून फार छान बोलायचे आणि मी त्यांची नक्कल वर्गात करायचो. त्यामुळे इंग्रजी फारसं येत नसलं तरी इंग्रजीचा आवाज मला येत होता. उलट आत्याचं. दीडशे वर्षांपूर्वीचं लपेटेदार इंग्रजी हस्ताक्षर ती घडाघडा वाचायची, पण समोरचा माणूस इंग्रजीत ‘बसा’ म्हणाला तरी उभी राहायची. असे आम्ही दोघं अर्धे अर्धे मिळून एक माणूस झालो.

चर्चच्या थंडगार खोलीत सायमनभाईने लग्नाची वही काढून दिली. आत्याने पिशवीतून पट्टी काढली. साहेबाने त्याचा मोठा तक्ता पसरला, टाइप केलेला, फांद्याच फांद्या. कॅप्टनच्या शेजारी ‘मेरी’ आणि पुढे प्रश्नचिन्ह. त्याचं म्हणणं, मेरी कुणातरी गोऱ्या शिपायाची अनाथ मुलगी असणार, म्हणून बापाचं नाव लिहिलेलं नाही. आणि जेम्स आधीच्या कुठल्या तरी बायकोचा. मी हे सगळं आत्याला सांगितलं. ती ऐकत नव्हती. पट्टी नवरीच्या सहीच्या ओळीवर थांबली होती. तिथे सही नव्हती, वाटाण्याएवढं एक वेडंवाकडं वर्तुळ होतं. साहेब म्हणाला, तो शाईचा डाग आहे, मी आधीच पाहिलाय. आत्याने पट्टी एक ओळ खाली सरकवली. साक्षीदारांत दोन गोऱ्यांच्या सह्या आणि खाली तिसरं नाव, अर्जुन, गाव पिंपळोद, आणि त्यापुढे पाच-सहा रेघांचं काहीतरी काढलेलं. साहेब ती ओळ वगळून गेला होता. देशी साक्षीदार घरच्या माणसांत येत नाही, असं त्याचं साधं गणित.

आत्याने मान वर केली. ‘‘याले सांग, हा नांगर शे. आपल्याकडे लिहिता न येणारा शेतकरी सही म्हणून नांगर काढायचा. आणि बाई काढायची बांगडी.’’ तिने डावा हात वर केला, हातातली हिरवी बांगडी त्या वर्तुळाशेजारी धरली. ‘‘हा डाग नाही. ही बाई आहे. आणि नांगरवाला तिच्या माहेरचा, भाऊच असेल.’’

मी सांगितलं. नेहमीप्रमाणे थोडी साखर टाकून सांगितलं, ‘मॅडमना असं वाटतं की कदाचित’ वगैरे. दुकानातली सवय. गिऱ्हाइकाला साडी जड वाटली की आपण म्हणतो, हलकी आहे बेन, हात लावून बघा. साहेब त्या वर्तुळावर वाकला. मग म्हणाला, पण मग जेम्स कुठे?

आणि आत्याने तिच्या खिडकीवरचा प्रश्न विचारला. ‘‘पहिला का दुसरा?’’ पहिला, मी म्हणालो. आत्या पट्टी पिशवीत ठेवत उठलीसुद्धा होती. ‘‘मग आठे काय सापडेल? चला, पिंपळोद.’’

पिंपळोद तापीकाठी, आमच्याच खानदेशात. गावात तेव्हाचं कसलं दप्तर असणार, पण तिथून थोड्या अंतरावर पूर्वी पलटणीची छावणी होती आणि छावणीचं छोटं चर्च अजून उभं होतं. आत्याचा हिशेब सरळ. पोरगी माहेरी बाळंत झाली, पोरगं सहा-आठ महिन्यांचं झालं, फिरता पाद्री छावणीत आला, बापाने तिथेच बाप्तिस्मा उरकून घेतला. तर आम्ही तिघं एसटीने निघालो. नवापूरला साहेबाने शेवभाजी खाल्ली आणि त्याच्या डोळ्यांतून आलेलं पाणी हे आमच्या प्रवासातलं पहिलं पाणी. मी त्याला त्याच्याच आवाजात विचारलं की तिखट थोडं कमी आहे का, तर तो पोट धरून हसला. चांगला होता हो म्हातारा. हे सांगायला हवं, कारण पुढे जे झालं त्यात तो वाईट दिसेल, आणि मला त्याला वाईट दाखवायचं नाही.

चर्चची किल्ली एका म्हाताऱ्या शिक्षकाकडे होती. वही वाळवीने कडेला खाल्लेली. आत्याने पट्टी लावली आणि एकेक ओळ खाली येऊ लागली. बाहेर कुणाची तरी शेळी ओरडत होती आणि आत आम्ही तिघं श्वास धरून. चौदाव्या का पंधराव्या पानावर पट्टी थांबली. जेम्स, वय सात महिने, जन्म पिंपळोद. बाप, कॅप्टन विल्कॉट. आई, मथुरा, याच गावची. सुरतेतलं लग्न यानंतरचं; तेव्हा ती अजून मेरी झाली नव्हती, म्हणून पाद्र्याला तिचं खरं नाव लिहावं लागलं होतं.

साहेबाने हातरुमाल काढला. मला वाटलं, आनंदाने. नोंद सापडली तर आत्याने तिथेच तिची नक्कल उतरवून द्यायची, असं निघतानाच ठरलं होतं. तिचं अक्षर मोत्यासारखं, खाली त्या शिक्षकाची सही झाली की झालं. तिने कागद घेतला, पेनाचं टोपण काढलं. आणि साहेब माझ्याकडे वळून खालच्या आवाजात बोलू लागला. त्याची थोरली बहीण. घराण्याचा तक्ता ती छापणार आहे, सगळे नातलग जमणार आहेत. बहिणीला हे झेपणार नाही. तर मॅडमनी फक्त जेम्सचं नाव, तारीख आणि बापाचं नाव उतरवावं. आईचा रकाना राहू द्यावा. तक्त्यावर ‘मेरी’ आहेच की.

मी आत्याला सांगितलं. तिने पेनाचं टोपण लावलं.

‘‘पूर्ण ओळ. नाहीतर काही नाही.’’

मी साहेबाला म्हणालो, मॅडम म्हणतात की नियमाप्रमाणे थोडं अवघड आहे. आत्याला इंग्रजी समजत नव्हतं, पण साखर समजायची. तिने मान खाली घालून चष्म्यावरून माझ्याकडे असं बघितलं की मी तिसरीत गेलो. ‘‘सुन्या, तू साखर नको टाकू. मी जशी बोलस तसंच सांग. याला सांग, तुझा पणजोबा आभाळातून पडला नाही. त्या बाईने नऊ महिने पोटात ठेवला, माहेरच्या खाटेवर जन्म दिला. नवऱ्याने तिचं नाव बदललं, पाद्र्याने बदललं, आता तू पुसतो. दीडशे वर्षांनी ती एका ओळीत सापडली, आणि ती ओळ मी माझ्या हाताने अर्धी लिहू? माझे हात मोडतील.’’

आयुष्यात पहिल्यांदा मी गिऱ्हाइकाला जड साडी जड आहे म्हणून सांगितली. छत्तीस मार्कांत जेवढं बसत होतं तेवढं सगळं, तिच्याच आवाजात. तिची नक्कल करायला तिने मला कायम बंदी घातली होती. त्या दिवशी करू दिली. साहेबाचं तोंड लाल झालं. हा आमच्या घरचा प्रश्न आहे, तो म्हणाला. मी तेही सांगितलं. आत्या म्हणाली, ‘‘तिचं पण घर शे ते.’’

नक्कल न घेता आम्ही निघालो. परतीच्या गाडीत साहेब आमच्यापुढे तीन बाकं सोडून बसला. मी आत्याला म्हणालो, ‘‘एवढं काय त्यात, आत्या? त्याची मेरी, त्याचा तक्ता.’’ ती खिडकीकडून माझ्याकडे वळली. मग म्हणाली, ‘‘भाट आला होता तेव्हा तू होतास ना घरात?’’

होतो. घराण्याची वंशावळ वहीत लिहून ठेवणारा आमचा भाट दोन-तीन वर्षांनी दिवाळीनंतर येतो. मांडी घालून बसतो, सात पिढ्यांची नावं सुरात वाचतो, घरात नवीन मुलगा झाला असेल तर नाव चढवतो, शिधा आणि धोतरजोडी घेऊन जातो. त्या वर्षी माझ्या भावाच्या मुलाचं नाव चढलं, अप्पांनी पेढे वाटले, आणि स्वयंपाकघराच्या दारातून आत्या म्हणाली, ‘‘भाटबुवा, माझं नाव वाचा.’’ भाट हसला. ‘‘बाई, लेकीचं नाव बापाच्या वहीत नसतं. जिथे दिली तिथल्या वहीत बघावं.’’ आत्या म्हणाली, ‘‘तिथे मी आठ महिने होते. तिथेही नसेल. मग मी जन्मले कुठे?’’ भाटाने अप्पांकडे बघितलं, अप्पांनी जमिनीकडे. आत्याने शिध्याचं सूप उचललं आणि आत नेऊन ठेवलं. नाव चढव, मग शिधा. भाटाने वही बांधली आणि शिध्याशिवाय गेला. भाट रिकाम्या हाताने गेला की घराण्याला दोष लागतो म्हणतात. अप्पा दोन वर्षं बहिणीशी बोलले नाहीत; एका गल्लीत राहून तिच्या घरावरून तोंड फिरवून जायचे. सगळ्या शहराची नावं लिहून ठेवलेली बाई, आणि तिचं नाव कुठल्याच घरच्या वहीत नव्हतं...

सुरतच्या स्टँडवर उतरलो तेव्हा साहेब जाईल असं वाटलं. तो थांबला. तीन चहा सांगितले. आपला तो मोठा तक्ता उघडून बाकावर पसरला आणि आत्यापुढे पेन धरून म्हणाला, मथुराचं नाव तिच्या लिपीत लिहून द्या. मी सांगितलं, या वेळी साखर टाकायची गरजच नव्हती. आत्याने ‘मेरी’ शेजारचं ते प्रश्नचिन्ह बघितलं. मग म्हणाली, ‘‘तिला कुठे लिहायला येत होतं?’’ आणि प्रश्नचिन्हावर तिने एक वर्तुळ काढलं. वाटाण्याएवढं, वेडंवाकडं. खाली कंसात मथुरा, पिंपळोद. मग घरी येऊन पूर्ण ओळ आठवणीतून उतरवली, एकही शब्द न सोडता, आणि वहीशी ताडून सही करायला शिक्षकाकडे पोस्टाने पाठवली.

वर्षाने छापील तक्ता आला. त्यात ते वर्तुळ होतं. बहिणीचं काय झालं ते साहेबाने लिहिलं नव्हतं, आम्ही विचारलं नाही. मला वाटलं आत्याच्या डोळ्यांत पाणी येईल. तिने पट्टी काढली, ओळी तपासल्या आणि म्हणाली, ‘‘अर्जुन राहिला. मामाचं नाव राहिलं. लिही त्याला पत्र.’’ लिहिलं. उत्तर आलं नाही. ती दर महिन्याला विचारायची.

यंदा पोळ्याच्या आदल्या दिवशी ती गेली. दुपारी, झोपेत, लूमच्या आवाजात. तिच्या मृत्यूची नोंद करायला मी गेलो तर खिडकीवर तिच्याच हाताखाली शिकलेला कारकून. त्याने हळहळ केली आणि लिहू लागला. नाव, नलिनी. मग विचारलं, ‘‘पतिनुं नाम?’’ मी म्हणालो, नाही, आईचं नाव लिहा, द्वारकाबाई. ‘‘भाई, एनी जरूर नथी. पती नहीतर पिता.’’ मागे रांग होती. कोणीतरी म्हणालं, लवकर करा की. आणि मी आत्यासारखी मान थोडी खाली घातली, डोळे चष्म्यावरून वर केले, आणि म्हणालो, ‘‘पूर्ण ओळ. नाहीतर काही नाही.’’

माझा आवाज नव्हता तो. कारकुनाने दचकून वर बघितलं. मग त्याने लिहिलं. पित्याचं नाव, आणि त्यापुढे, जागा नव्हती तरी दाटीवाटीने, आईचं. मी जन्मगावही लिहायला लावलं. बोरगाव. आत्या तिच्या आईचं पहिलं मूल. तिच्या आईचं माहेर बोरगाव.

आत्याच्या खोलीतलं सामान आम्ही वाटून टाकलं. ट्रंक अप्पांनी मागून घेतली. परवा त्यांना ट्रंकेवर बसलेलं बघितलं. पट्टी माझ्याकडे आहे. दुकानात साड्यांच्या कप्प्यावर ठेवलीय, सेठ विचारतो आपल्याकडे मीटर असताना ही कशाला, मी सांगत नाही. भाट या दिवाळीनंतर येणार आहे, तसा निरोप आलाय. शिध्याचं सूप आईने घासून ठेवलंय. मी ते उंबऱ्याच्या आत ठेवणार, पट्टी त्याच्या वहीवर अप्पांच्या नावाच्या वर, जिथे मोठ्या बहिणीची ओळ हवी तिथे लावणार, आणि नंतर काय म्हणायचं ते मला पाठ आहे. आवाजासकट.